माहेरचा व्हिसा

माझं लग्न लागलं ते एका किचनचं आणि चौदा बसचं. हे मी आता हसत सांगते, पण खोटं नाही. बाबांचं शारजात मोठं किचन. लेबर कॅम्पमधल्या माणसांना दुपारचं जेवण पुरवायचं, हा त्यांचा धंदा. सासऱ्यांचा धंदा जबल अलीच्या बंदरावर: गोदामांना हमाल द्यायचे, साइटवर गवंडी द्यायचे आणि त्यांची ने-आण करायला कंपनीच्या बस ठेवायच्या. दोघेही मूळचे रत्नागिरीकडचे, दोघेही हट्टी. माझ्या लग्नाआधी काही वर्षं दोघं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवत होते. सासऱ्यांनी स्वतःचं किचन काढायचं ठरवलं, बाबांनी स्वतःच्या बस घ्यायचं ठरवलं आणि दोघांचाही बाजार उठायची वेळ आली. तेव्हा कोणीतरी शहाण्याने सुचवलं, अहो, एकाला मुलगी आहे, एकाला मुलगा आहे, भांडताय कशाला? झालं. जेवण बाबांचं, ते कॅम्पवर न्यायला बस सासऱ्यांच्या. यल्ला, काढा मुहूर्त.

बाबांनी मला ही बातमी दिली ती भाजीच्या यादीतून डोकंही वर न काढता. आई मी शाळेत असतानाच गेली होती, त्यामुळे रडायला, रुसायला कोणी नव्हतं. आणि खरं सांगू, मला रुसायचंही नव्हतं. मुलगा दिसायला बरा होता, अबोल होता, आणि अबोल माणसाशी माझं चांगलं जमेल हे मला तेव्हाच कळलं होतं. प्रेम वगैरे? झालं हो, हळूहळू. पण ते कोणाच्या अजेंड्यावर नव्हतं.

आता व्हिसाची गंमत. इथे आपल्यातला प्रत्येक माणूस कोणाच्या ना कोणाच्या व्हिसावर असतो. लग्न झालं की बाई बहुधा नवऱ्याच्या व्हिसावर जाते. बाबा म्हणाले, "मुलगी तुमची, व्हिसा मात्र माझ्याकडे राहू दे." त्यांच्या कंपनीच्या कागदावर मी स्टोअरकीपर होते. कांदे, डाळ, तेल कधी संपतंय आणि कधी मागवायचं, हे मी लग्नानंतरही घरबसल्या फोनवरून बघायची, म्हणजे हुद्दा काही खोटा नव्हता. पण बाबांचा हिशोब वेगळा होता. उद्या काही बिनसलंच तर मुलगी परत आणायला एक दोरी आपल्या हातात असावी, असं त्यांना वाटायचं. सासऱ्यांना ती दोरी दिसत नव्हती असं नाही. पण तेव्हा त्यांना जेवण हवं होतं. म्हणाले, चालेल. मग मी राहायला सासरी आणि सरकारदरबारी माहेरी, अशी अठरा वर्षं गेली.

या अठरा वर्षांत मी खरं काम केलं ते निराळंच. ते कुठल्याच कागदावर नाही.

दोन्ही म्हातारे एकमेकांशी थेट बोलत नसत. सणाला, लग्नकार्याला भेटले तर भेटले, पण तिथे धंद्याचं बोलायचं नाही हा नियम मीच घालून दिला होता. धंद्याचं सगळं माझ्यामार्फत. सासरे, म्हणजे अण्णा, सकाळी चहा पिताना सांगायचे, "तुझ्या बापाला म्हणावं, कालचं वरण म्हणजे हळदीचं पाणी. माणसांनी त्याने हात धुतले." मी स्वयंपाकघरात जाऊन बाबांना फोन लावायची. "बाबा, अण्णा म्हणत होते, पोरांना वरण आवडतंय. जरा घट्ट केलंत तर भात अजून खपेल." दुपारी बाबांचा फोन. "त्या बसवाल्याला सांग, तुझा ड्रायव्हर अर्धा तास उशिरा येतो आणि वर माझ्याच किचनमध्ये बसून नाश्ता हाणतो. लाज वाटते का?" संध्याकाळी मी सासऱ्यांना, "अण्णा, बाबा विचारत होते, ड्रायव्हरला थोडं लवकर निघता येईल का? नाश्त्याची सोय ते करतील."

वरण घट्ट व्हायचं. ड्रायव्हर वेळेवर जायचा. दोघांनाही वाटायचं, समोरचा माणूस धंद्यात चेंगट असेल, पण बोलायला सभ्य आहे. शिव्या सगळ्या माझ्यापाशी थांबायच्या. मला त्याचा त्रास व्हायचा का? छे! मला गर्व होता. एका अवाक्षराने मोडेल असा धंदा मी रोज दोनदा फोनवर सांभाळत होते आणि दोन्ही घरांत कोणाला पत्ता नव्हता. माझा नवरा तेवढा ओळखून होता. कधी कधी आतून माझं बोलणं ऐकून तो पेपराआड हसायचा.

माझी मुलगी ऊद मेथाला शाळेत जाते. तेव्हा ती नववीत होती. इतिहासाच्या बाईंनी वर्गात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. जिला जी चिठ्ठी येईल, तिने ते माणूस होऊन स्टेजवर तीन मिनिटं बोलायचं. कोणाला सुलतान आला, कोणाला दर्यावर्दी. हिला आली मध्ययुगातली एक इटालियन सरदारकन्या, दोन घराण्यांची दोस्ती व्हावी म्हणून लग्न लावून दिलेली.

पोरगी घरी आली ती तोंड पाडूनच. म्हणाली, "मम्मा, शी लिटरली डझ नथिंग. शी जस्ट गेट्स मॅरीड."

माझं डोकंच फिरलं. "काही करत नाही? अगं, सगळं तीच करते! बाकीचे नुसते घोड्यावर बसतात!"

मग मीच त्या बाईच्या मागे लागले. शाळेने दिलेली पानं वाचली, मुलीच्या लॅपटॉपवर आणखी वाचलं. वाचता वाचता मला हसूच यायला लागलं. ही बाई सासरी जाते ती कपड्यांचे आणि भांड्यांचे पेटारे घेऊन. माहेरची एक दासी सोबत. नवरा लढाईवर गेला की किल्ल्याचा कारभार ती बघते, धान्य किती उरलं ते बघते, पाहुणे आले तर कोणाला कोणाशेजारी बसवायचं ते ठरवते. आणि पत्रं लिहिते. बापाला लिहिते, नवऱ्याला लिहिते. इकडचा राग तिकडे पोचेपर्यंत त्याची विनंती झालेली असते. असं पुस्तकात नव्हतं, हे मी म्हणते. पण असंच असणार. नाहीतर एवढी वर्षं तह टिकले असते का? तुमचे ते सरदार एकमेकांशी सरळ बोलले असते, तर आठवड्यात पुन्हा तलवारी निघाल्या असत्या.

मुलीचं भाषण मीच लिहून दिलं. ऐटीत लिहिलं. 'मी तहाच्या कागदावरची शाई नाही, मी तो कागद सांभाळणारा हात आहे,' असलं काहीतरी. मुलीने त्याचं इंग्रजी केलं आणि नाक मुरडत का होईना, पाठ केलं. माझ्या लग्नातल्या शालूचा तिला झगा शिवला. बाजूबंद खोटे, पण दिसले झकास.

कार्यक्रम सप्टेंबरात, सकाळचा. हॉलमध्ये फोन बंद ठेवा, असं बाईंनी हात जोडून सांगितलं. मी ठेवला. लग्नानंतर दिवसाढवळ्या माझा फोन सलग तीन तास बंद राहिल्याचं मला तरी आठवत नाही.

मुलगी छान बोलली. मान वर, आवाज खणखणीत. मी आजूबाजूच्या आयांकडे बघत होते, ऐकताय ना, म्हणून. भाषण संपल्यावर परीक्षक बाईंनी एक प्रश्न विचारला. इंग्रजीत विचारला, की दोन्ही घराण्यांचं पुढे पुन्हा भांडण झालं, तेव्हा तुझं काय झालं?

हे मी लिहून दिलं नव्हतं. मी मनात म्हटलं, गेली आता पोरगी. पण ती अडखळली नाही. तिने ते स्वतः शोधून ठेवलं होतं. "दे सेंट मी बॅक टू माय फादर," ती म्हणाली. "विथ माय चेस्ट्स. द चिल्ड्रन स्टेड."

टाळ्या पडल्या. तिला दुसरा नंबर मिळाला. मी मात्र जागेवर बसूनच राहिले. पेटारे बाईबरोबर परत, आणि मुलं तिकडेच. मी एवढं वाचलं होतं, पण शेवटचं पान वाचलंच नव्हतं.

बाहेर येऊन फोन चालू केला तर तो हातात थरथरायलाच लागला. बाबांचे अकरा मिस्ड कॉल. सासऱ्यांचे सात. नवऱ्याचा एक मेसेज: 'घरी ये. दोघं बोलले.'

दोघं बोलले!

झालं होतं असं. जेवण न्यायला येणारी बस त्या दिवशी उशिरा आली. शारजाहून निघाली ती ट्रॅफिकमध्ये अडकली, आणि त्या उकाड्यात भाजी आंबली. साइटवरच्या माणसांनी डबे उलटे केले. बाबांनी मला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला, नाही. शेवटी त्यांनी सासऱ्यांनाच लावला. म्हणाले, "तुमच्या बसने माझं नाव बुडवलं." सासरे म्हणाले, "नाव? तुमचं जेवण अठरा वर्षं असंच आहे. रोज तुमच्या मुलीकडे निरोप देतोय, लाज कशी वाटत नाही?" बाबा म्हणाले, "कसला निरोप? मला तर ती सांगते, पोरांना फार आवडतं." मग बाबांनी ड्रायव्हरचं काढलं, आणि सासऱ्यांना कळलं की नाश्त्याची सोय आग्रहाने केलेली नव्हती. पाच मिनिटांत सगळं खलास. माझी अठरा वर्षांची मेहनत एका फोनमध्ये पाण्यात गेली. वर दोघांच्याही लेखी खोटारडी कोण? मी!

चूक माझीच होती, आणि ती मी कबूल करते. मी दोघांना एकमेकांपासून इतकं छान लपवलं, की त्यांना एकमेकांची सवयच लागली नाही. रोज थोडं थोडं भांडले असते तर कातडी जाड झाली असती.

त्याच संध्याकाळी बाबांचा फोन आला. आवाज थंड. "पासपोर्ट घेऊन ये. व्हिसा कॅन्सल करतो, आपण दोघं रत्नागिरीला जाऊ. झालं तेवढं पुरे." दोरी ओढली होती. मी म्हटलं, "बाबा, आणि माझी मुलगी?" तर म्हणाले, "ती तिच्या बापाच्या व्हिसावर आहे. तिचं ते बघतील."

फोन ठेवते तोच सासऱ्यांनी हाक मारली. "तुझा व्हिसा आता आमच्याकडे घेऊ. पण मग शारजाला जाणं बंद, फोन बंद. एका घरात राहायचं तर एकाच घरची हो." मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "बघू या, होईल नीट, इन्शाल्ला." त्या इन्शाल्लाचा मला इतका राग आला, की मी भांडी घासायला गेले. भांडी घासलेलीच होती, ती पुन्हा घासली.

घासता घासता त्या बाईचाच विचार डोक्यात. तिच्याकडे स्वतःचं होतं काय? पेटारे. किल्ला सासऱ्याचा, पत्रावरची मोहर बापाची. आणि माझ्याकडे? घर सासऱ्यांचं, व्हिसा बाबांचा. बरं, बाबांनी व्हिसा रद्द केला तर ठरलेल्या मुदतीत मला दुसरा काढायचाच होता, आणि तो नवऱ्याकडून, म्हणजे सासऱ्यांच्या अटीवर. बाबांचं ऐकलं तर मुलगी जाणार, सासऱ्यांचं ऐकलं तर बाप जाणार. मी ठरवलं, दोन्ही नाही. मला दोघंही हवेत.

दोन दिवस कॅम्पवर बाहेरून पराठे गेले. माणसं कुरकुरायला लागली. शारजात बाबांचं किचन थंड, आचारी पत्ते खेळत बसलेले. मी या दोन दिवसांत एका ओळखीच्या बाईकडे गेले, तिने स्वतःचं ट्रेड लायसन्स, म्हणजे धंद्याचा परवाना, काढलं होतं आणि त्यावरच तिचा व्हिसा होता. काय काय कागद लागतात ते लिहून घेतलं. लग्नातलं सोनं विकायला काढलं. ते तरी माझं होतं, त्यावर कोणाचा शिक्का नव्हता.

रविवारी मी बाबांना घरी बोलावलं आणि अण्णांना घरीच थांबवून घेतलं. बाबांना सांगितलं अण्णा घरी नसतील, अण्णांना सांगितलं बाबा नाही, त्यांचा माणूस येणार आहे. हे माझं शेवटचं खोटं.

बाबा दारातूनच परत फिरायला निघाले. मी म्हटलं, "चपला काढा आणि बसा. आज मी कोणाचाच निरोप कोणाला देणार नाही. जे काय सांगायचं ते त्यांच्या तोंडावर सांगा. मी चहा टाकते."

आणि मी खरंच आत गेले. बाहेर जे काही झालं ते देवा रे देवा! वरण, हळद, ड्रायव्हर, नाश्ता, लग्नात मानपानाला दिलेला टॉवेल आखूड होता तो. बाबा ओरडले, सासरे ओरडले. मुलगी खोलीतून डोकावून म्हणाली, "मम्मा, शुड वी डू समथिंग?" मी म्हटलं, "नाही. आलं किस." चहाला तीनदा उकळी आणली. हात फोनकडे जात होता, पण मी मध्ये पडले नाही. तासाभराने आवाज बसले. घसे दोघांचेही सत्तरीचे.

मग मी कप घेऊन बाहेर गेले आणि माझं सांगितलं. "जेवण बाबांचं. कॅम्प अण्णांचे. मधला रस्ता आजपासून माझा. दोन गाड्या घेतेय, जेवण खराब होणार नाही अशा पेट्यांच्या. लायसन्स माझ्या नावाचं. उशीर झाला तर दोघांनी मला बोला, आंबलं तर दोघांनी मला बोला. आणि व्हिसाही माझ्याच लायसन्सवर."

सासरे बाबांकडे बघून मिशीत हसले. "म्हणजे माहेरचा व्हिसा सुटला म्हणायचा."

"हो. आणि तुमचा लागला नाही," मी म्हटलं.

ते हसणं गेलं. "सुनेने गाड्या चालवायच्या? लोक काय म्हणतील?"

"जेवण वेळेवर आलं म्हणतील."

माझा अबोल नवरा पेपर बाजूला ठेवून म्हणाला, "मलाही घे गं तुझ्या व्हिसावर. इथे अण्णा फार बोलतात." अठरा वर्षांत त्याने बापासमोर केलेला हा पहिला विनोद. सासऱ्यांनी कपातला चहा संपवला. मग म्हणाले, "पेट्या चांगल्या घे. स्वस्तातल्या गळतात." तो होकार होता. त्यांच्याकडून याहून जास्त मिळत नाही.

बाबा चहा न पिता गेले.

पुढच्या आठवड्यात जुना व्हिसा रद्द करायला मी बाबांना टायपिंग सेंटरला बोलावलं, तिथे सरकारी अर्ज भरून देतात. तो रद्द झाल्याशिवाय नवा लागणार नव्हता, आणि बाबांच्या सहीशिवाय तो रद्द होणार नव्हता. बाबा येतील की नाही याची मला खात्री नव्हती. पण आले. इस्त्रीचा शर्ट घालून, कंपनीचा शिक्का खिशात.

काउंटरवरच्या मुलीने कागद छापून समोर सरकवला आणि बोट ठेवून हिंदीत समजावलं, "मॅडम, इधर साइन. मतलब कंपनी से आपको जो मिलना था, सब मिल गया, अब कुछ बाकी नहीं." रोज शंभर जणांना म्हणत असेल ती हे. मी पेन उचललं.

"थांब," बाबा म्हणाले. त्यांनी कागद स्वतःकडे ओढला, चष्मा लावला. अरबी त्यांना येत नाही, इंग्रजी जेमतेम. तरी सगळा कागद वरपासून खालपर्यंत बघितला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "सगळं मिळालं का तुला?"

मागे रांग होती. मला वाटलं, हो म्हणावं आणि सुटावं. अठरा वर्षं तेच तर करत आले होते, समोरच्याला बरं वाटेल असं सांगायचं. पण त्या दिवशी तोंडातून ते निघेना.

"लग्न ठरवताना मला एकदा विचारायला हवं होतंत, बाबा," मी म्हटलं. "मी हो म्हटलं असतं. पण विचारायला हवं होतंत."

बाबांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. काउंटरवरची मुलगी आमच्याकडे बघत होती, तिला मराठी कळत नव्हतं.

"हो," ते म्हणाले. "हवं होतं."

"तेवढं सोडून सगळं मिळालं," मी म्हटलं, आणि सही केली. बाबांनी कागद परत घेतला, माझ्या सहीशेजारी स्वतःची सही केली आणि शिक्का मारला.